कामगंध सापळा : शेतातील किडीची मोजदाद

प्रास्ताविक

कपाशीच्या, हरभऱ्याच्या किंवा वांग्याच्या शेताजवळून जाताना काठीला टांगलेले एक नरसाळे आणि त्याखाली लोंबणारी प्लॅस्टिकची लांब पिशवी आपण कधीतरी पाहिली असेल. नवख्या माणसाला ते बुजगावणे वाटते, कोणाला पाऊस मोजण्याचे साधन वाटते. तो कामगंध सापळा असतो. आपल्यापैकी काहीजण स्वतः शेती करीत असतील, काहीजण मजुरीने फवारणीला जात असतील, तर काहींचा शेतीशी संबंध केवळ भाजीच्या पिशवीपुरता असेल. शेतात औषध केव्हा फवारले जाते आणि ते कोणत्या आधारावर ठरते, हा प्रश्न मात्र या सर्वांचा आहे.

प्रस्तुत पाठ हा माहितीपर लेख आहे. कथा वाचताना आपण पात्रांच्या मागे जातो. माहितीपर लेख वाचताना कारणांच्या मागे जावे लागते. म्हणून या पाठात जेथे जेथे एखादी संख्या येईल, तेथे क्षणभर थांबा आणि ती संख्या कशाची आहे, हे स्वतःला विचारा.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• कामगंध म्हणजे काय आणि कीटक त्याचा उपयोग कसा करतात, हे सांगता येईल;
• सापळ्यातील पतंगांची नोंद ठेवून तिचा अर्थ लावता येईल;
• सापळा काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, यांतील भेद स्पष्ट करता येईल;
• माहितीपर लेखातील पारिभाषिक शब्दांचा योग्य वापर करता येईल.

मूळ पाठ

बोंडाच्या आतली कीड

कपाशीचे हिरवे बोंड हातात घ्या. बाहेरून ते टणक आणि निरोगी दिसते. त्यावर छिद्र दिसत नाही, डागही दिसत नाही. ते फोडल्यावर मात्र कधी कधी आत सरकी पोखरीत बसलेली अळी सापडते. कोवळेपणी ती पांढुरकी असते. वाढता वाढता तिच्या अंगावर गुलाबी छटा चढते, म्हणून तिला गुलाबी बोंडअळी असे नाव पडले. अशा बोंडातला कापूस डागाळतो, त्याचा धागा तोकडा राहतो आणि पुष्कळदा बोंड पूर्ण उमलतही नाही. वेचणीच्या वेळी हाती येणाऱ्या या कवडी कापसाला बाजारात भाव मिळत नाही.

ही कीड आपल्याकडे नवी नाही. शास्त्रीय ग्रंथांत तिचे पहिले वर्णन १८४३ साली झाले आणि ज्या नमुन्यांवरून ते झाले, ते गुजरातेतील भडोच येथील कापसावर सापडले होते. पुढे ही कीड कापूस पिकविणाऱ्या बहुतेक देशांत पोहोचली. आपल्या देशात २००२ साली बीटी कापसाच्या लागवडीला परवानगी मिळाली आणि २००६ पासून दोन जनुके असलेले बीटी वाण आले. त्यानंतर काही वर्षे शेतकरी बोंडअळीला जवळजवळ विसरले होते. परंतु सतत एकाच प्रकारच्या विषाचा मारा झाला की ते पचविणाऱ्या अळ्याच मागे उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत नेमके तेच घडले. गुजरातेतून २०१० च्या सुमारास पहिली वार्ता आली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीचे मोठे क्षेत्र या अळीने ग्रासले. २०२१ साली पंजाबातील भटिंडा आणि मानसा या जिल्ह्यांनाही तोच अनुभव आला.

या अळीला मारणे इतके कठीण का, हे समजून घेतल्याशिवाय सापळ्याचे महत्त्व कळणार नाही. मादी पतंग पात्या, फुले आणि कोवळी बोंडे यांवर अंडी घालते. अंड्यातून साधारणतः चार-पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि लगेच पातीत, फुलात किंवा बोंडात शिरते. ती ज्या बारीक छिद्रातून आत जाते, ते पुढे बोंड वाढताना बुजून जाते. यानंतर शेतकऱ्याने कितीही महागडे औषध फवारले, तरी ते बोंडाच्या सालीवर पडते. आतल्या अळीला त्याचा स्पर्शही होत नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती वेळ असतो तो मादी अंडी घालू लागल्यापासून अळी आत शिरेपर्यंतचा. हा काळ अवघ्या काही दिवसांचा असतो. तो साधायचा, तर पतंग शेतात केव्हा उतरले, हे कळले पाहिजे. आणि अडचण अशी, की पतंग आकाराने जेमतेम नखाएवढा, रंगाने करडा-तपकिरी असतो. दिवसा तो जमिनीच्या भेगांत आणि पाल्यापाचोळ्यात दडून बसतो आणि रात्री उडतो. शेतकरी बांधावर येतो तेव्हा पतंग झोपलेला, आणि पतंग जागा असतो तेव्हा शेतकरी झोपलेला!

गंधाची हाक

या अंधारातही नर पतंग मादीला अचूक शोधून काढतो. हे कोडे माणसाला फार पूर्वीपासून पडले होते. झां-आंरी फाब्र नावाचे फ्रेंच कीटक-अभ्यासक एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. त्यांच्या घरी एका मोठ्या जातीच्या पतंगाची मादी नुकतीच कोषातून बाहेर आली होती. त्यांनी तिला तारेच्या जाळीखाली ठेवले. रात्री पाहतात तो उघड्या खिडकीतून त्याच जातीचे नर डझनावारी घरात शिरलेले! परिसरात तो पतंग सहसा आढळतही नसे. मग एवढे नर आले कोठून, आणि त्यांना निरोप तरी कोणी दिला? फाब्र यांनी पुढे अनेक प्रयोग केले. निरोप गंधाचा असावा, हा तर्क त्यांतून बळावला. पण तो गंध कशाचा, हे त्या काळी हाती लागले नाही.

त्याचे उत्तर मिळायला १९५९ साल उजाडावे लागले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनांट आणि त्यांचे सहकारी यांनी रेशीमकिड्याच्या माद्यांच्या गंधग्रंथी गोळा करून त्यांतील द्रव्य वेगळे केले. या कामाला सुमारे वीस वर्षे लागली, जवळपास पाच लाख माद्या खर्ची पडल्या, आणि शेवटी हाती आलेले शुद्ध द्रव्य काही मिलिग्रॅमच भरले. त्याला बॉम्बिकॉल असे नाव मिळाले. त्याच वर्षी अशा सर्व द्रव्यांसाठी ‘फेरोमोन’ हा शब्द सुचविला गेला. वाहून नेणे आणि उद्दीपित करणे अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून तो घडविला आहे. मराठीत मिलनासाठी सोडल्या जाणाऱ्या फेरोमोनला आपण कामगंध म्हणतो. हा मराठी शब्द मूळ शब्दापेक्षा अधिक बोलका आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते; ऐकताच अर्थ कळतो आणि शेतकऱ्यांच्या तोंडीही तो सहज रुळला आहे.

कामगंधाचे दोन गुण येथे लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की तो अत्यल्प प्रमाणात पुरतो. वाऱ्यावर तरंगत आलेले त्याचे मोजके कण नराच्या शृंगिकांना, म्हणजे डोक्यावरच्या मिशांना जाणवतात आणि तो वाऱ्याच्या उलट दिशेने, नागमोडी वळणे घेत, गंधाच्या उगमाकडे उडू लागतो. दुसरा गुण अधिक महत्त्वाचा. प्रत्येक जातीचा गंध निराळा असतो. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध दोन अगदी सारख्या द्रव्यांच्या जवळजवळ समसमान मिश्रणाने बनतो. १९७३ साली त्याची ओळख पटली आणि त्याला गॉसीप्ल्यूर असे नाव देण्यात आले. या गंधाकडे गुलाबी बोंडअळीचाच नर येतो. हरभऱ्यावरील घाटेअळीचा नर तिकडे फिरकत नाही, मधमाशीला त्याचे काही सोयरसुतक नसते आणि माणसाच्या नाकाला तर तो जाणवतही नाही.

सापळ्याची रचना

हा गंध प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागल्यावर सापळा बनविणे सोपे होते. रबराच्या बुचासारख्या लहान तुकड्यात किंवा प्लॅस्टिकच्या बारीक नळीत गंधद्रव्य भरतात. बाजारात याला ल्यूर म्हणतात. कोणी नुसती ‘गोळी’ही म्हणतात. नरसाळे सापळ्यात वर पावसापासून आडोसा देणारे छत, छताखाली अडकविलेली ल्यूर, तिच्याखाली नरसाळे आणि नरसाळ्याला बांधलेली पिशवी असते. गंधाने ओढला गेलेला नर ल्यूरभोवती घिरट्या घालतो, दमतो आणि नरसाळ्यातून खाली पिशवीत पडतो. वर येण्याची वाट त्याला सापडत नाही. दुसऱ्या प्रकारच्या, तंबूच्या आकाराच्या डेल्टा सापळ्यात आतल्या तळाला चिकट पत्रा असतो. पतंग त्यावर चिकटून बसतो.

कपाशीत हे सापळे पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, पात्या लागण्याच्या सुमारास लावतात. किडीवर नजर ठेवण्यासाठी हेक्टरी ५, म्हणजे एकरी २ सापळे पुरतात. दोन सापळ्यांत सुमारे ५० मीटर अंतर ठेवावे. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर असावा. पीक वाढले की काठीवरचा सापळाही वर सरकवावा लागतो. हे काम हमखास विसरले जाते. ऑगस्टमध्ये लावलेला सापळा ऑक्टोबरात पानांच्या दाटीत बुडून गेलेला अनेक शेतांत दिसतो.

ल्यूर हाताळताना एक पथ्य पाळावे लागते. निरनिराळ्या किडींच्या ल्यूर एकाच हाताने, हात न धुता बसविल्या, तर एका गंधात दुसरा मिसळतो आणि सापळा बिघडतो. ल्यूर बंद पाकिटात थंड जागी ठेवावी, लावतेवेळीच पाकीट फोडावे आणि रिकामे पाकीट किंवा जुनी ल्यूर शेतात टाकू नये. ल्यूरमधील गंध हळूहळू उडून जातो; म्हणून पंधरा ते वीस दिवसांनी, किंवा पाकिटावर दिलेल्या मुदतीनुसार, ती बदलावी. पिशवीत पतंग दिसत नाहीत, म्हणून कीड नाही असे समजून निश्चिंत झालेल्या शेतकऱ्याने आधी ल्यूर किती दिवसांपूर्वी लावली होती, हे आठवून पाहावे.

पाठगत प्रश्न १

(अ) गुलाबी बोंडअळी बोंडात शिरल्यानंतर फवारणीचा उपयोग का होत नाही?
(आ) कामगंध सापळ्यात मधमाश्या का अडकत नाहीत?
(इ) चूक की बरोबर ते सांगा : सापळा एकदा लावला की हंगाम संपेपर्यंत त्याची उंची तीच ठेवावी.

मोजणी

आता आपण पाठाच्या गाभ्याकडे आलो आहोत. सापळ्याचे मुख्य काम पतंग मारणे आहे, असा समज फार पसरलेला आहे. विक्रेतेही सापळा देताना तसेच सांगतात. परंतु एकरी दोन सापळ्यांनी शेतातले पतंग संपत नाहीत. सापळ्यात पडतात ते फक्त नर. एक नर अनेक माद्यांशी मिलन करू शकतो. त्यामुळे थोडे नर कमी झाले, तरी माद्यांची अंडी घालणे थांबत नाही. शिवाय अंडी घालणारी मादी या गंधाकडे येतच नाही. मग या सापळ्याचा उपयोग काय? तो आपल्यासाठी रात्री जागतो आणि किती पतंग उडत आहेत, याचा हिशेब सकाळी आपल्यापुढे ठेवतो. हा हिशेब वाचला नाही, तर सापळा शेतात असून नसल्यासारखाच.

मोजणीची पद्धत साधी आहे. रोज सकाळी प्रत्येक सापळ्याची पिशवी खालून सोडावी, आतले पतंग मोजावेत, वहीत तारखेसह लिहावेत, पतंग नष्ट करावेत आणि पिशवी पुन्हा बांधावी. सर्व सापळ्यांतील पतंगांची बेरीज करून तिला सापळ्यांच्या संख्येने भागले, की एका रात्रीची सरासरी मिळते. गुलाबी बोंडअळीसाठी नियम असा आहे : दर सापळ्यामागे सरासरी ८ किंवा त्याहून अधिक पतंग सलग तीन रात्री सापडले, तर किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, दोन एकर कपाशीत चार सापळे आहेत. पहिल्या रात्री त्यांत अनुक्रमे ६, ९, ४ आणि ५ पतंग सापडले. बेरीज २४, सरासरी ६. दुसऱ्या रात्री ८, ११, ७, १०. बेरीज ३६, सरासरी ९. तिसऱ्या रात्री ९, १२, ७, ८. सरासरी पुन्हा ९. आता काय करावे? एखादा घाईने म्हणेल, तीन रात्रींची मिळून सरासरी ८ झाली, फवारणी करा. पण नियम ‘सलग तीन रात्री’ असा आहे, आणि पहिली रात्र त्यात बसत नाही. चौथ्या रात्री ११, १३, ८, ८ पतंग सापडले, सरासरी १० झाली, म्हणजे मग सलग तीन रात्री पूर्ण झाल्या. एका रात्रीच्या आकड्यावर विसंबू नये, यालाही कारण आहे. वारा, पाऊस, शेजारच्या शेतातील वेचणी अशा कित्येक गोष्टींनी एका रात्रीचा आकडा वर-खाली होतो. चार सापळ्यांपैकी एकातच नेहमी जास्त पतंग सापडत असतील, तर तो कोणत्या बाजूला आहे, हेही पाहावे. पुष्कळदा त्या बाजूला मागल्या वर्षीच्या पऱ्हाटीचा ढीग रचलेला असतो.

‘आर्थिक नुकसानीची पातळी’ हा शब्दप्रयोग बोजड वाटला, तरी त्यामागचा विचार घरगुती आहे. शेतात चार अळ्या असल्या तर त्या थोडे नुकसान करतील. पण त्यांना मारण्यासाठी लागणारे औषध, मजुरी आणि पाणी यांचा खर्च त्या नुकसानीपेक्षा अधिक असेल, तर फवारणी तोट्याची ठरते. किडीची संख्या ज्या टप्प्यापुढे गेल्यावर फवारणीचा खर्च वसूल होतो, तो टप्पा म्हणजे ही पातळी. शेतात एकही कीड दिसू नये, हा हट्ट त्यामुळे महागात पडतो.

आकडा काय सांगत नाही

सापळ्याचा आकडा खरा असला, तरी तो पूर्ण सत्य नसतो. सापळा पतंग मोजतो. बोंडातल्या अळ्या मोजत नाही. त्यामुळे सापळ्याने इशारा दिला, की शेतात उतरून त्याची शहानिशा करावी लागते. निरनिराळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडे तोडून ती फोडून पाहावीत. त्यांत २ किंवा अधिक बोंडे किडलेली निघाली, म्हणजे प्रादुर्भाव १० टक्के झाला. फुलांकडेही पाहावे. ज्या फुलात अळी शिरते, त्याच्या पाकळ्या आतून धाग्यांनी जखडल्या जातात, फूल उमलत नाही आणि गुलाबाच्या कळीसारखे दिसते. याला शेतकरी डोमकळी म्हणतात. अशा डोमकळ्या सुरुवातीलाच वेचून नष्ट केल्या, तर पुढची पिढी तेथेच अडते.

आणखी एक विलक्षण गोष्ट येथे सांगितली पाहिजे. शेतात खऱ्या माद्या फार झाल्या, की सापळ्यातील नरांची संख्या कधी कधी घटते. कारण सरळ आहे. सापळ्यातली ल्यूर ही एक नकली मादी. आजूबाजूला शेकडो खऱ्या माद्या हाक देत असतील, तर नर नकलीकडे कशाला येईल? म्हणून हंगामाच्या सुरुवातीला सापळ्याचा शब्द जितका विश्वासार्ह असतो, तितका तो शेवटी राहत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सापळ्याइतकाच भरवसा बोंडे फोडून पाहण्यावर ठेवावा.

मोजदाद न केल्याची किंमत

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढलेली होती. फवाऱ्याचे तुषार पिकाबरोबर फवारणाऱ्याच्या तोंडावर, छातीवर येत होते. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती, हातमोजे आणि मुखपट्ट्या बहुतेकांजवळ नव्हत्या, आणि हवा दमट व उष्ण होती. या दुर्घटनेला अनेक कारणे होती. केवळ सापळे नव्हते म्हणून ती घडली, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण कीड किती आहे हे न पाहता, शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारायचे, ही सवय त्या कारणांच्या मुळाशी होती, हे नाकारता येत नाही. जी फवारणी करण्याची गरजच नव्हती, तीही कोणाच्या तरी पाठीवरच्या पंपातून झाली. तो पंप वाहणारा पुष्कळदा रोजंदारीवरचा मजूर असतो. औषध कोणते आणि का फवारायचे, हे ठरविण्यात त्याचा वाटा नसतो.

अनावश्यक फवारणीचा दुसरा तोटा सावकाश लक्षात येतो. ढालकिडा, क्रायसोपा, अंड्यांवर जगणारी ट्रायकोग्रामा नावाची इवलीशी गांधीलमाशी हे सर्व शेतकऱ्याचे बिनपगारी नोकर. ते औषधाने आधी मरतात. मग मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना आवर घालणारे कोणी उरत नाही आणि पुढच्या फवारणीची सोय आपोआप होते.

एकट्याचे काम नव्हे

पतंगाला बांध कळत नाही. एका शेतकऱ्याने काटेकोर नोंद ठेवली आणि शेजाऱ्याने कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड म्हणून उभी ठेवली, तर पहिल्याचे कष्ट अर्धे वाया जातात. गुलाबी बोंडअळी हिवाळ्यात सरकीच्या आत किंवा पालापाचोळ्यात सुप्तावस्थेत पडून राहते आणि नवी कपाशी आली की पतंग होऊन बाहेर येते. फरदड म्हणजे तिला आयते मिळालेले घर आणि अन्न. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पीक काढून टाकावे, पऱ्हाटी शेतात रचून ठेवू नये आणि जिनिंग कारखान्यांच्या आवारातही सापळे लावावेत, असे कृषी विद्यापीठे आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगत आल्या आहेत. कारखान्यात साठविलेल्या सरकीतून निघणारे पतंग तेथेच पकडले, तर ते आसपासच्या शेतांवर जात नाहीत.

महाराष्ट्रात २००९-१० पासून कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्याला ‘क्रॉपसॅप’ या नावाने ओळखतात. त्यात निरीक्षक ठरावीक शेतांत जाऊन किडींची आणि सापळ्यांतील पतंगांची मोजणी करतात. ती एकत्र करून गावोगाव सल्ला दिला जातो. अशा सल्ल्याचे मोल मोठे आहे. तथापि तो जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा असतो. आपल्या दोन एकरांत काल रात्री काय घडले, ते आपल्याच पिशवीत सापडते.

कामगंधाचा वापर मोजणीपुरताच मर्यादित आहे असे नाही. हेक्टरी १५ ते २० सापळे लावून मोठ्या प्रमाणावर नर पकडण्याचा मार्गही सुचविला जातो. तो संपूर्ण गावाने, हंगामाच्या आरंभी अवलंबिला तरच काही साधते. दुसरा मार्ग अधिक चतुर आहे. शेतभर गंधाचे दोरे बांधायचे किंवा त्याच्या लेपाचे ठिपके झाडांवर लावायचे. सगळीकडून गंध येऊ लागला, की नराला मादीचा माग लागत नाही आणि मिलन टळते. अमेरिकेत १९१७ साली शिरलेली गुलाबी बोंडअळी तेथील कापूस क्षेत्रातून नाहीशी झाल्याचे २०१८ साली जाहीर करण्यात आले. त्या यशामागे बीटी कापूस, असे गंधदोरे, वंध्य केलेले पतंग लाखोंच्या संख्येने सोडणे आणि वेळेवर पीक काढून टाकण्याची सक्ती या सर्वांचा वाटा होता. आणि कीड खरोखर संपली, हे ठरविले कशावरून? वर्षानुवर्षे रिकाम्या निघालेल्या सापळ्यांवरूनच.

इतर पिकांतही हे साधन रुळले आहे. हरभरा आणि तूर यांवरील घाटेअळी, सोयाबीनवरील तंबाखूची पाने खाणारी अळी, वांग्यावरील शेंडे व फळे पोखरणारी अळी यांच्या ल्यूर निरनिराळ्या मिळतात. २०१८ साली कर्नाटकात प्रथम आढळलेल्या मक्यावरील लष्करी अळीचा माग काढण्यासाठीही सापळेच वापरले गेले. नारळावरील सोंड्या भुंग्याचा गंध मात्र थोडा निराळा. तो सर्वांना जमा होण्याचे आमंत्रण देतो, त्यामुळे त्या सापळ्यात नर आणि मादी दोन्ही पडतात. प्रत्येक किडीची धोक्याची पातळी वेगळी असते. कपाशीचा ८ हा आकडा वांग्याला लावू नये.

शब्दार्थ

सरकी – कापसाचे बी
पात्या – कपाशीच्या कळ्या
कवडी कापूस – किडीने खराब झालेला, नीट न उमललेला कापूस
शृंगिका – कीटकाच्या डोक्यावरील मिशांसारखे अवयव
पऱ्हाटी – कपाशीचे झाड. वेचणीनंतर उरलेली काडी
फरदड – मुख्य हंगाम संपल्यावरही ठेवलेले कपाशीचे पीक
सुप्तावस्था – हालचाल व वाढ थांबलेली विश्रांतीची अवस्था
शहानिशा करणे – खात्री करून घेणे
सोयरसुतक नसणे – काहीही संबंध नसणे

स्वाध्याय

१. ‘सापळा शेतात असून नसल्यासारखाच’ असे लेखक केव्हा म्हणतो? आपल्या शब्दांत पाच-सहा वाक्यांत लिहा.

२. शेतात माद्यांची संख्या फार वाढल्यावर सापळ्यातील पतंग कमी का होतात? लेखकाने दिलेले कारण सांगा.

३. खालील सामासिक शब्दांचा विग्रह करा : कामगंध, बोंडअळी, शेतमजूर.

४. ‘शेतकऱ्याचे बिनपगारी नोकर’ हे शब्द कोणाला उद्देशून वापरले आहेत? असा शब्दप्रयोग केल्याने वाक्याच्या अर्थात काय भर पडते?

५. एका एकरातील दोन सापळ्यांत पाच रात्री सापडलेले पतंग असे : पहिली रात्र ७ व ११, दुसरी ९ व ९, तिसरी ४ व ६, चौथी १० व ८, पाचवी १२ व १०. प्रत्येक रात्रीची सरासरी काढा. सहाव्या दिवशी सकाळी शेतकऱ्याने फवारणी करावी का? आपल्या उत्तराचे कारण द्या.

६. एका फवारणी मजुराने शेतमालकाला, फवारणीआधी सापळ्याची नोंद दाखवावी, अशी विनंती केली आहे. त्या दोघांतील संवाद दहा-बारा वाक्यांत लिहा.

७. आपल्या परिसरात सापळा लावलेले शेत असल्यास मालकाच्या परवानगीने सात दिवस पतंगांची मोजणी करा. तारीख, पतंगांची संख्या आणि त्या रात्रीचे हवामान यांची नोंद वहीत ठेवा.

पाठगत प्रश्न १ ची उत्तरे

(अ) अळी आत गेल्यावर तिचे प्रवेशछिद्र बुजते. औषध बोंडाच्या सालीवर पडते, अळीपर्यंत पोहोचत नाही.
(आ) प्रत्येक जातीचा कामगंध वेगळा असतो. ल्यूरमधील गंधाकडे त्याच जातीचे नर आकर्षित होतात.
(इ) चूक. पीक वाढेल तसा सापळा शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर राहील, असा सरकवावा.